चाच्यांना पकडलं, पण खटल्याचं काय?

प्रश्न : मार्च २०२४ मध्ये नौदलाने ‘रुएन’ या जहाजावरून ३५ सोमाली चाच्यांना पकडून मुंबईत आणलं. जहाज भारताचं नव्हतं, त्यावर भारतीय खलाशी नव्हते, आणि कारवाई झाली ती आपल्या किनाऱ्यापासून अडीच हजार किलोमीटरहून दूर. मग गुन्हा मुंबई पोलिसांकडे कसा काय गेला? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : जमिनीवर गुन्हा ज्या हद्दीत घडतो, त्या हद्दीतलं पोलीस ठाणं तो नोंदवतं. खुल्या समुद्रावर अशी हद्दच नसते. तिथे साधारण नियम असा, की जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं, त्या देशाचा कायदा त्या जहाजावर चालतो. चाचेगिरी हा या नियमाला फार जुना अपवाद आहे. चाच्याला जो देश पकडेल, त्याला त्याच्यावर खटला चालवण्याचा अधिकार असतो. जहाज कोणाचं, चाचा कुठला, लुटला गेलेला माणूस कोणत्या देशाचा, यापैकी काहीही आड येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या १०५ व्या कलमात हा अधिकार नोंदलेला आहे. भारताने १९९५ मध्ये या कराराला मान्यता दिली.

‘रुएन’ माल्टाच्या झेंड्याखालचं, बल्गेरियन मालकाचं जहाज. डिसेंबर २०२३ मध्ये सोमाली चाच्यांनी ते पळवलं आणि पुढे इतर जहाजांवर हल्ले करण्यासाठी तळ म्हणून वापरायला काढलं. ‘आयएनएस कोलकाता’ने ते अडवलं, तेव्हा चाच्यांनी नौदलाचा ड्रोन पाडला आणि युद्धनौकेवरही गोळ्या झाडल्या. नौदलाने मोजका मारा करून जहाजाची सुकाणू यंत्रणा आणि दिशादर्शक उपकरणं निकामी केली. सी-१७ विमानातून मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले गेले. ४० तासांच्या या कारवाईनंतर १६ मार्चला ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. २३ मार्चला ‘कोलकाता’ मुंबईत पोहोचली आणि चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात गेले.

म्हणजे अधिकार करारातून आला. पण करार झाला म्हणून सत्र न्यायाधीश शिक्षा ठोठावू शकत नाही. त्याच्या हातात देशाच्या संसदेने केलेला कायदा लागतो. तो कायदा आपल्याकडे येईपर्यंत २०२३ साल उजाडलं.

प्रश्न : कायदा इतका उशिरा? त्याआधी पकडलेल्या चाच्यांचं काय झालं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन प्रकरणं सांगतो. दोन्ही मुंबईच्या न्यायालयातली आहेत.

पहिलं १९९९ चं. ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकाचं जहाज ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियाच्या कुआला तांजुंग बंदरातून सुमारे ७,००० टन अॅल्युमिनियम भरून जपानकडे निघालं. वाटेतच ते पळवलं गेलं. दोन जपानी आणि १५ फिलिपिनी खलाशांना चाच्यांनी तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून दिलं. काही दिवसांनी थायलंडच्या मच्छीमारांना ते सापडले. तोपर्यंत जहाजावर ‘मेगा रामा’ असं नवं नाव रंगवून झालं होतं. क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्राने सगळीकडे खबर दिली. भारतीय तटरक्षक दलाच्या विमानाने अरबी समुद्रात ते हेरलं. महाराणी ताराबाईंचं नाव असलेल्या तटरक्षक नौकेने आणि नौदलाच्या ‘आयएनएस प्रहार’ने त्याचा पाठलाग केला. जहाजावरच्या लोकांनी आग लावून ते बुडवायचा प्रयत्न केला, तरी आपल्या जवानांनी ते वाचवलं आणि १५ इंडोनेशियन आरोपींसह मुंबईला आणलं. जगभर कौतुक झालं.

पुढचा भाग कमी लोकांच्या लक्षात आहे. भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. दरोडा, खुनाचा प्रयत्न वगैरे जमिनीसाठी लिहिलेली कलमं जोडून आरोपपत्र उभं करावं लागलं. फेब्रुवारी २००३ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली. एप्रिल २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. समुद्रात जिंकलेली लढाई न्यायालयात टिकली नाही.

दुसरं प्रकरण २०११ चं. त्या वर्षी जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत नौदल आणि तटरक्षक दलाने चार कारवायांत १२० सोमाली चाचे पकडले. ‘प्रांतलाय १४’वर १५, ‘प्रांतलाय ११’वर २८, ‘वेगा ५’वर ६१ आणि ‘मोर्तेझा’वर १६. यातल्या बहुतेक मच्छीमार बोटी होत्या. चाच्यांनी त्या बळकावून समुद्रातला तळ बनवल्या होत्या. मुंबईत खटले उभे राहिले. पकडल्यापासून सहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१७ मध्ये, पहिल्या आरोपींना सात वर्षांची शिक्षा झाली. तोवर जवळजवळ तेवढे दिवस त्यांनी कच्चे कैदी म्हणून तुरुंगात काढलेच होते.

या दिरंगाईच्या काळात आपल्याच लोकांनी काय सोसलं, तेही सांगायला हवं. ‘अॅस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलं. त्यावरचे सगळे १५ खलाशी भारतीय होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी मिळाल्यावर चाच्यांनी जहाज सोडलं, पण सात भारतीयांना ठेवून घेतलं. भारताने पकडलेले आमचे १२० लोक सोडा, मग यांना सोडतो, अशी त्यांची अट होती. हे सात जण घरी येऊ शकले ते ऑक्टोबर २०१४ नंतर. त्यांच्या घरच्यांनी चार वर्षं कशी काढली असतील, याची कल्पना खलाशांच्या वस्तीत राहणाऱ्या कुणालाही येईल.

प्रश्न : नव्या कायद्याने नेमकं काय बदललं? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं होतं डिसेंबर २०१९ मध्ये.

यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एक, चाचेगिरीची व्याख्या आता भारतीय कायद्यात आहे. खासगी जहाजावरच्या लोकांनी खासगी हेतूने दुसऱ्या जहाजावर केलेला हिंसाचार, लूट किंवा लोकांना डांबून ठेवणं, हा तिचा गाभा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या पलीकडच्या समुद्रात हा कायदा लागू होतो. २०० सागरी मैलांपर्यंतचं आपलं आर्थिक क्षेत्रही त्यात येतं.

दोन, शिक्षा. चाचेगिरीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यात कुणाचा जीव गेला किंवा घेण्याचा प्रयत्न झाला, तर फाशीचीही तरतूद आहे. प्रयत्न करणाऱ्याला आणि मदत करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत, तर कट आखणाऱ्याला आणि हुकूम देणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत कैद आहे.

तीन, न्यायालय. केंद्र सरकार उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून एखाद्या सत्र न्यायालयाला या खटल्यांसाठी नेमू शकतं. आरोपी कुठल्याही देशाचा असो, नौदलाने किंवा तटरक्षक दलाने पकडून आणला असेल, तर त्या न्यायालयाला खटला चालवता येतो. ‘तुम्हाला अधिकारच काय?’ हा वाद पहिल्याच तारखेला संपतो.

चार, गृहीतक. चाचेगिरीसाठी वापरलेली शस्त्रं आणि साधनं आरोपीच्या ताब्यात सापडली, किंवा खलाशांवर बळजबरी झाल्याचा पुरावा असला, तर ठरावीक परिस्थितीत न्यायालय गुन्हा घडल्याचं गृहीत धरू शकतं. मग तसं नाही, हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. हे कलम जपून वापरायला हवं, कारण त्याच समुद्रात साधे मच्छीमारही फिरत असतात.

प्रश्न : भर समुद्रात पंचनामा कसा करतात? पंच कुठून आणतात? (निवृत्त पोलीस कर्मचारी, सातारा)

उत्तर : प्रश्न अनुभवी माणसाचा आहे, कारण असे खटले पंचनाम्यावरच उभे राहतात नाहीतर आडवे होतात.

चाच्यांची कामाची पद्धत अशी. मोठ्या मदरशिपवरून दोन-तीन छोट्या वेगवान होड्या सोडायच्या. त्यावर जोरदार आउटबोर्ड इंजिनं, जास्तीच्या इंधनाचे पिंप, एके-४७ बंदुका, कधी रॉकेट लाँचर, आणि टोकाला आकडे लावलेली लांब शिडी. चालत्या जहाजाच्या बाजूला होडी भिडवायची, शिडी कठड्याला अडकवायची आणि वर चढायचं. युद्धनौका दिसली की बंदुका आणि शिडी पाण्यात टाकून द्यायची आणि सांगायचं, ‘आम्ही मासे धरत होतो.’

बंदूक एकदा पाण्यात गेली की तिचा मुद्देमाल होत नाही. म्हणून नौदलाच्या पथकाचं पुराव्याचं काम होडीपर्यंत पोहोचण्याआधीच सुरू होतं. हेलिकॉप्टरवरून आणि नौकेवरून सतत चित्रण होतं. त्यात चाच्यांनी काय फेकलं, कोणत्या क्षणी आणि कुठल्या अक्षांश-रेखांशावर, हे टिपलं गेलं पाहिजे. सोमालियातल्या मच्छीमाराच्या होडीत बंदूक असणं अगदीच अशक्य नाही, पण आकडे लावलेल्या शिडीचं तिथे काही काम नसतं. त्यामुळे ती शिडी, तिची लांबी, आकड्यांचा आकार, त्यावर लागलेला जहाजाचा रंग, यातलं प्रत्येक महत्त्वाचं. होडीत मासे, बर्फ, जाळी काहीच नाही, हेही फोटोत दिसायला हवं.

होडी ताब्यात आली की माणसं वेगवेगळी बसवायची. प्रत्येकाला क्रमांक देऊन फोटो काढायचा. कोणाच्या अंगावर काय मिळालं, हे त्या क्रमांकासमोर लिहायचं. मोबाइल, सॅटेलाइट फोन, जीपीएस यंत्र बंद करून आपल्या बुद्धीने चाळायचं नाही. ते तसंच सीलबंद करायचं, कारण त्यातले नंबर आणि मार्गच पुढे टोळीच्या म्होरक्यापर्यंत नेऊ शकतात. शस्त्रं सुरक्षित करून, लेबल लावून, सही-शिक्क्यानिशी ठेवायची. नौदलाच्या अधिकाऱ्याने पोलिसांच्या हाती मुद्देमाल देईपर्यंत तो कोणाकोणाच्या हातून गेला, याची नोंद अखंड हवी. एका ठिकाणी सही राहिली, तरी बचाव पक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो, आणि ते त्याचं कामच आहे.

पंचांचं काम इथे बरेचदा कारवाईतलेच अधिकारी करतात, म्हणजे साक्षीला तेच उभे राहतात. लढाईचं प्रशिक्षण घेतलेल्या कमांडोला सरकारी वकिलासारखा विचार करावा लागतो. यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००९ मध्ये चाचेगिरीच्या तपासाची आचारसंहिता ठरवली आहे.

दुसरी अडचण वेळेची. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाप्रमाणे अटक केलेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. प्रवासाला लागणारा वेळ त्यातून वगळला आहे. ‘रुएन’च्या वेळी या प्रवासाला आठवडा लागला. प्रवासाचा वेळ मोजला जात नाही, पण किनाऱ्याला लागल्यावरची दिरंगाई माफ होत नाही. फ्रान्सला हा धडा महागात पडला. त्यांनी पकडलेल्या सोमाली चाच्यांना फ्रान्सच्या भूमीवर आणल्यावर लगेच न्यायाधीशासमोर न नेता आणखी पोलीस कोठडीत ठेवलं. त्यावर २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने फ्रान्सला दोषी धरून भरपाई द्यायला लावली.

प्रश्न : चाच्यांना वकील द्या, दुभाष्या द्या, जेवण द्या. इतका खर्च कशाला? दिसले की होडी बुडवून मोकळं व्हावं. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचा संताप समजतो. पण ज्या होडीवर गोळा टाकायचा, तिच्यात कोण बसलंय, हे दुरून कळत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात ‘आयएनएस तबर’ने एका मदरशिपवर मारा केला. तिच्यावरच्या लोकांनी नौकेवर हल्ला करण्याची धमकी दिली आणि गोळीबार केला, असं नौदलाने सांगितलं. नंतर उघड झालं, की ती चाच्यांनी पळवलेली ‘एकावत नावा ५’ ही थाई मासेमारी बोट होती आणि तिचे खलाशी आतच ओलीस होते. त्यांच्यातला एकच जण जिवंत सापडला. ‘प्रांतलाय’ बोटींवरही ओलीस धरलेले गरीब मच्छीमार होतेच. तिथे संयम ठेवला, म्हणून ते वाचले.

खटला टाळण्याचे दुसरे मार्गही जगाने करून पाहिले आहेत. मे २०१० मध्ये रशियाच्या युद्धनौकेने ‘मॉस्को युनिव्हर्सिटी’ या तेलवाहू जहाजावर हल्ला करणारे दहा चाचे पकडले आणि दिशादर्शक साधनांशिवाय होडीत बसवून किनाऱ्यापासून दूर सोडून दिले. तासाभरात त्या होडीचा माग सुटला, आणि ते बहुधा मेले असावेत, असं रशियाकडूनच सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये गिनीच्या आखातात डेन्मार्कच्या ‘एस्बर्न स्नारे’ने चकमकीत चार चाचे मारले आणि चार पकडले. त्यांना घ्यायला किनाऱ्यावरचा एकही देश तयार झाला नाही. शेवटी तिघांना छोट्या होडीत बसवून सोडलं. चौथ्याचा पाय कापावा लागला होता, म्हणून त्याला कोपनहेगनला नेलं. तिथल्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं, पण शिक्षा दिली नाही.

एकीकडे मरायला सोडायचं, दुसरीकडे मोकळं सोडायचं. पहिल्याने आपण कायद्याबाहेर जातो, दुसऱ्याने चाचा पुढच्या हंगामात परत समुद्रावर येतो. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांचे सल्लागार जॅक लांग यांनी जानेवारी २०११ च्या अहवालात लिहिलं, की पकडलेल्या चाच्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जण खटल्याशिवाय सुटतात. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी ब्यूरोने सोमाली चाच्यांचे २३७ हल्ले नोंदले. पकडून सोडून देण्याची ही किंमत होती.

वकील आणि दुभाष्या चाच्यावरच्या मेहेरबानीपोटी दिलेला नसतो. त्यांच्याशिवाय दिलेली शिक्षा वरच्या न्यायालयात उभी राहत नाही. ज्याला ही शिक्षा टिकायला हवी आहे, त्याने आरोपीच्या वकिलाचा खर्च आनंदाने करावा.

प्रश्न : प्रत्येक देशाने आपापल्या घरी खटले चालवायचे, की याला काही आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे? (एक वाचक, पणजी)

उत्तर : चाचेगिरीसाठी वेगळं आंतरराष्ट्रीय न्यायालय नाही. पण कामाची वाटणी करून एक चांगली साखळी उभी राहिली. युरोपीय संघाने २००९ मध्ये केनियाशी करार केला, की आमच्या नौकांनी पकडलेले चाचे तुमच्या न्यायालयात द्यायचे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाने पैसा आणि तज्ज्ञ पुरवले. २०१० मध्ये मोम्बासाच्या शिमो ला तेवा तुरुंगाच्या आवारात अशा खटल्यांसाठी न्यायालय बांधलं गेलं. सेशेल्स आणि मॉरिशस यांनीही आरोपी घ्यायला सुरुवात केली. शिक्षा झालेल्यांना सोमालियात, हरगेसा आणि गरोवे इथे सुधारलेल्या तुरुंगांत परत पाठवण्याची सोय झाली. कैदी आपल्या लोकांत राहतो आणि छोट्या सेशेल्सवर सगळा भार पडत नाही.

ही साखळीही एकदा तुटता तुटता वाचली. नोव्हेंबर २०१० मध्ये केनियाच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की आपल्या समुद्राबाहेरच्या गुन्ह्यांवर केनियाच्या न्यायालयांना अधिकार नाही. तो निकाल वरिष्ठ न्यायालयाने फिरवला ऑक्टोबर २०१२ मध्ये. मुंबईत झालं ते मोम्बासातही घडलं. अधिकार कायद्यात स्वच्छ लिहिलेला नसला, की सगळी मेहनत एका निकालाने अडते.

पश्चिम आफ्रिकेत नायजेरियाने २०१९ मध्ये चाचेगिरीविरोधी स्वतंत्र कायदा केला. मे २०२० मध्ये पळवलेल्या ‘हायलुफेंग ११’ या चिनी मासेमारी जहाजावरून त्यांच्या नौदलाने दहा चाचे पकडले, आणि जुलै २०२१ मध्ये लागोसच्या न्यायालयाने प्रत्येकाला १२ वर्षांची शिक्षा दिली. चौदा महिन्यांत निकाल! गिनीच्या आखातातल्या घटना २०२० मध्ये ८१ होत्या, २०२१ मध्ये त्या ३४ वर आल्या. त्यात गस्तीचाही मोठा वाटा आहे, पण पकडलं तर तुरुंगात जावं लागतं, हे किनाऱ्यावरच्या पोरांना दिसलं, हेही खरं.

प्रश्न : होडीतली गरीब पोरंच तुरुंगात जातात. खंडणी खाणाऱ्या म्होरक्यांचं काय? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : सगळ्यात दुखरी जागा हीच. जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांचं गुन्हे कार्यालय आणि इंटरपोल यांच्या २०१३ च्या अहवालानुसार २००५ ते २०१२ या काळात सोमाली चाच्यांना ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलर खंडणी मिळाली. शिडीवर चढणाऱ्या पोराच्या वाट्याला त्यातला छोटासा हिस्सा येतो. मोठा वाटा पैसा लावणाऱ्याकडे जातो, आणि तो कधी समुद्रावर येतच नाही.

त्याला पकडता येतं, हे बेल्जियमने दाखवून दिलं. ‘पोम्पेई’ हे बेल्जियन जहाज २००९ मध्ये पळवलं गेलं होतं. त्यामागचा सूत्रधार मोहम्मद अब्दी हसन, टोपणनाव ‘आफ्वेने’, सोमालियात सुरक्षित होता. बेल्जियन पोलिसांनी चित्रपटवाल्यांचं सोंग घेऊन त्याला कळवलं, की तुमच्या आयुष्यावर सिनेमा काढायचाय, सल्लागार म्हणून या. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो ब्रसेल्सच्या विमानतळावर उतरला आणि तिथेच त्याला अटक झाली. २०१६ मध्ये ब्रुजच्या न्यायालयाने त्याला २० वर्षांची शिक्षा दिली. कित्येक महिने धीर धरून केलेल्या तपासाचं हे फळ होतं. आपल्या नव्या कायद्यात कट आखणाऱ्यासाठी शिक्षा आहे, पण ते कलम वापरायचं, तर पकडलेल्या चाच्याच्या सॅटेलाइट फोनमधल्या नंबरांचा माग बँका, हवाला आणि परदेशी पोलिसांपर्यंत काढावा लागेल.

प्रश्न : बंदराजवळ नांगरलेल्या जहाजावरची चोरीही चाचेगिरीच का? (एक वाचक, उरण)

उत्तर : कायद्याच्या भाषेत नाही. १२ सागरी मैलांच्या आत घडलेली लूट हा किनारी देशाचा नेहमीचा गुन्हा, आणि त्याचा तपास तिथल्याच पोलिसांचा. दुसऱ्या देशाची युद्धनौका तिथे घुसून कारवाई करू शकत नाही. म्हणूनच सोमालियाच्या पाण्यात शिरण्यासाठी २००८ मध्ये सुरक्षा परिषदेला सोमाली सरकारच्या संमतीने वेगळा ठराव करावा लागला.

जहाजावरच्याच माणसांनी जहाज ताब्यात घेतलं, तरी ती करारातली चाचेगिरी ठरत नाही, कारण तिथे दुसरं जहाज लागतं. १९८५ मध्ये ‘आकिले लाउरो’ हे इटालियन प्रवासी जहाज प्रवासी म्हणून चढलेल्या अतिरेक्यांनीच बळकावलं. त्यातूनच १९८८ चा रोमचा करार झाला. त्याला अनुसरून भारताने २००२ मध्ये कायदा केला.

किनाऱ्याजवळचा गुन्हा हलका मानू नका. २०२४ मध्ये जगभर नोंदलेल्या ११६ घटनांपैकी ४३ एकट्या सिंगापूरच्या सामुद्रधुनीत घडल्या. आणि २६/११ चे अतिरेकी पोरबंदरची ‘कुबेर’ बोट बळकावून, तिच्यावरच्या खलाशांचे जीव घेऊन मुंबईला आले होते. कोळी बांधवांची ओळखपत्रं, बोटींवरची माग काढणारी यंत्रं आणि सागरी पोलीस ठाणी यांना त्यानंतर जोर आला. सागरी पोलिसांच्या गस्ती बोटींना इंधन, तांडेल आणि दुरुस्ती वेळेवर मिळणं, हीसुद्धा कायद्याची अंमलबजावणीच आहे.

प्रश्न : माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे आणि एडनच्या वाटेने जातो. त्याला काय सांगू? (एक आई, देवगड)

उत्तर : ताई, पहिली गोष्ट जिवाची. हल्ल्याची चाहूल लागली की धोक्याचा संदेश पाठवून कप्तानाच्या हुकमाने सगळ्यांनी सिटाडेल या बंदिस्त सुरक्षित खोलीत जायचं, इंजिन बंद ठेवायचं आणि दार उघडायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’वर चाचे चढले, तेव्हा १५ भारतीयांसह सगळे २१ जण सिटाडेलमध्ये शिरले. ‘आयएनएस चेन्नई’चे कमांडो पोहोचेपर्यंत चाचे निघून गेले होते आणि एकालाही ओरखडा उठला नाही. त्या खोलीत पाणी, अन्न आणि चालू सॅटेलाइट फोन आहे ना, हे जहाजावर चढल्याच्या पहिल्या आठवड्यात बघून घ्यायला त्याला सांगा.

दुसरी गोष्ट सुटकेनंतरची. चाच्यांनी हात लावलेल्या वस्तू पुसू नयेत, केबिन झाडून काढू नये, जहाजावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण जपावं. जे पाहिलं, ते त्याच दिवशी वेळेसकट वहीत लिहून ठेवावं. कोणी मारलं, कोणाच्या हातात कोणती बंदूक होती, कोण हुकूम देत होता, हे महिन्याभराने आठवत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. साक्ष द्यायला तयार राहा, असं त्याला सांगा. असे खटले कोसळतात ते बरेचदा साक्षीदार हजर होत नाहीत म्हणून. खलाशी दुसऱ्या जहाजावर गेलेला असतो, कंपनी सुट्टी देत नाही, घरचे म्हणतात, सुटलास ना, आता विसर. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच महाराष्ट्र सरकारच्या एका खटल्यात व्हिडिओवरून साक्ष घेणं वैध ठरवलं आहे, त्यामुळे मुंबईत येणं दरवेळी गरजेचं राहिलेलं नाही. कंपन्यांनी साक्षीसाठी भरपगारी रजा द्यायला हवी आणि नौवहन महासंचालनालयाने त्याचा आग्रह धरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

कायदा आता आहे, न्यायालय आहे, आणि नौदल काय करू शकतं, हे आपण पाहिलं. खटले वर्षानुवर्षं रेंगाळले, तर पुन्हा एखाद्या जहाजावरच्या पोरांना त्याची भरपाई कैदेत बसून करावी लागेल. म्हणून वाचकांनी एवढं करावं. चाचे पकडल्याची बातमी आली की वर्षभराने त्या खटल्याचं काय झालं, हे आपल्या खासदाराला आणि वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारावं. ज्या खटल्याकडे लोकांचं लक्ष असतं, त्याच्या तारखा लवकर पडतात.